सोमलीच्या बैलांपुढे चाललेला माणूस

मी नर्स होते. सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं. मुडदे धुतले आहेत, बाळंतिणी हातावर गेलेल्या पाहिल्या आहेत, स्मशानाच्या कडेकडेनं एकटी तांड्यावर सुईणपणाला गेले आहे. कधी काही दिसलं नाही. कुणी 'बाई, तिकडून जाऊ नका' म्हटलं की मला हसू यायचं... आजही येतं. तेव्हा मी भुताखेतांची गोष्ट सांगायला बसलेय असं कृपया समजू नका. मी चिडून लिहायला बसलेय. म्हणजे मी सांगतेय आणि माझी नात टाइप करतेय.

झालं असं, की परवा पुण्याहून आमच्या पुतण्यानं एक स्मरणिका पाठवली. त्याच्या वडिलांची, म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची. छान गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. आणि आत एक परिच्छेद — 'विदर्भाच्या जंगलात आप्पांनी शिकाऱ्याच्या तीक्ष्ण नजरेनं एका मरणासन्न मजुराचा शोध लावला व त्याचे प्राण वाचवले.'

शोध लावला! मी त्या गाडीत होते. माझ्या जाऊबाई होत्या, त्या आता नाहीत. सोमली होती, तीही नाही. म्हणजे खरं सांगणारी मी एकटीच उरले. म्हणून हा खटाटोप.

साल १९६२, हिवाळा. माझी नेमणूक फुलसावंगीला होती. महागाव तालुका तेव्हा झाला नव्हता, सगळा कारभार पुसदहून चालायचा. माझे यजमान तिथेच शाळेत मास्तर. आप्पा आणि जाऊबाई पुण्याहून आठ दिवसांसाठी आले होते. दिग्रसला बस बदलून, कपड्यांवर धूळ घेऊन उतरले ते कुरकुरतच. इथे वीज नाही, इथे पेपर दुसऱ्या दिवशी येतो, इथे चहात दूध नाही की दुधात चहा नाही, अशी त्यांची यादी. तिसऱ्या दिवशी त्यांना कुणीतरी सांगितलं की थंडीत पैनगंगेच्या डोहावर मगरी उन्हाला येऊन पडतात. झालं, त्यांना मगरी पाहायच्या होत्या. यजमानांना शाळा होती, मी एक दिवस रजा टाकली आणि सोमलीला निरोप धाडला.

सोमली म्हणजे जवळच्या तांड्यावरची पन्नाशीची बंजारा बाई. तिच्या आज्यापणज्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूख पालथा घातलेला. तिच्याकडे एक रेंगी होती — आमच्याकडची हलकी, पळणारी बैलगाडी. आणि लाख्या नि कबऱ्या असे दोन बैल. नवरा वारल्यावर ती स्वतःच गाडी हाकायची. आडगावी बाळंतपण असलं की मला तीच न्यायची. जंगलातली वाट तिला आपल्या अंगणासारखी. मगरी दाखवायला तिच्याहून चांगला वाटाड्या सापडला नसता.

सकाळी गाडी दारात आली तेव्हा धुवारी इतकी दाट होती की बैलांची शिंगं दिसत नव्हती. धुवारी म्हणजे धुकं. आप्पा ओव्हरकोट, कानटोपी आणि गळ्यात दुर्बीण असे बाहेर आले. गाडीवानाच्या जागी आरशांचा घागरा घातलेली बाई बघून थबकलेच.

"ही हाकणार? कुणी पुरुषमाणूस नाही का?"

"हायेत नं साहेब, दोन हायेत," सोमली बैलांकडे बोट दाखवत म्हणाली.

जाऊबाई पदराआड हसल्या. आप्पा हसले नाहीत.

कडब्यावर गोधड्या टाकून आम्ही निघालो. भाकरी, ठेचा, शेंगा बरोबर घेतल्या होत्या. कपाशीची वावरं संपली आणि सागाचं जंगल सुरू झालं. थंडी अशी की बैलांच्या नाकातून वाफ निघत होती. दोन्ही बाजूंनी पांढरंच पांढरं... गाडीच्या चाकांचा आवाज तेवढा ऐकू यायचा. खरं सांगते, मला ते फार सुंदर वाटलं होतं.

पुढे वाट फुटते. डावीकडची नदीवर जाते, उजवीकडची जंगलतोडीच्या कुपात, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेल्या पट्ट्यात. त्या फाट्याच्या जरा अलीकडे मला तो दिसला.

बैलांच्या पुढे पंधरा-वीस हातांवर एक माणूस चालला होता. पाठमोरा. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यावरून काळ्या घोंगडीची खोळ, अनवाणी. उजव्या खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं. चाल सावकाश, पण बैल त्याला गाठत नव्हते. अंतर तेवढंच. मला वाटलं, सोमलीनं धुवारीमुळे वाट दाखवायला कुणी घेतला असेल. म्हणून मी बोललेही नाही.

आप्पा बोलले. "हा कोण? तुझा माणूस का?"

"कोन, साहेब?"

"तो काय पुढे चाललाय तो."

सोमलीनं मान पुढे काढून पाहिलं. "मले तं कोनी नाई दिसून राह्यलं."

"आंधळी आहेस का? तो घोंगडीवाला! ए बाबा! ए, थांब जरा!"

आप्पांनी हाक मारली. दोनदा मारली. चांगल्या खणखणीत आवाजात. हे मी मुद्दाम लिहायला लावतेय... नात म्हणाली, एकदा लिहिलं तरी चालेल. नाही, लिही — दोनदा हाक मारली.

तो माणूस वळला नाही. फाट्यावर उजवीकडे गेला, आणि बैल त्याच्या मागोमाग उजवीकडे वळले.

सोमलीनं कासरा ओढला. बैल मान वाकडी करूनही पुढेच. तिनं दात घट्ट आवळून दोन्ही हातांनी ओढलं. "काहून रे लाख्या? यायले काय झालं आज?" तिच्या आवाजात भीती मी पहिल्यांदा ऐकली. आप्पांना वाटलं ही आपल्याला बनवतेय. त्यांनी गाडीतली तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, उचलली आणि कबऱ्याच्या पाठीत मारली. सोमलीनं मागे न बघता ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"माह्या बैलाले हात लावाचा नाई, साहेब. म्या नाई लावत कधी."

आप्पांना कुणी असं बोललेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते लालबुंद होऊन बसले.

अर्धा कोस तरी असेच गेलो असू. जाऊबाईंनी माझं मनगट धरलं आणि कानात विचारलं, "त्याच्या खांद्यावर दोर आहे ना गं?" मी म्हटलं, "आहे." मग धुवारी विरळ व्हायला लागली, आणि बैल आपणहून उभे राहिले. तो माणूस झाडाआड गेला नाही, खाली बसला नाही. होता, आणि मग नव्हता.

मी खाली उतरले. बैलांच्या पुढे वाटेवर गवत होतं, दहिवरानं पांढरंशुभ्र. त्यावर एक पाऊल उमटलेलं नव्हतं. मागे वळून पाहिलं तर लाख्याच्या दोन्ही शिंगांना कोळ्याची ओली जाळी लोंबत होती. वाटेवर आडवी विणलेली जाळी, माणसाच्या छातीच्या उंचीची. पुढे माणूस चालत गेला असता तर ती आधीच तुटली असती, नाही का? मी तिथे उभी राहून हाच विचार करत होते, तेवढ्यात कण्हणं ऐकू आलं.

तोडलेल्या सागाचं एक खोड तिरपं पडलं होतं आणि त्याखाली एका माणसाचा पाय होता. माणूस जिवंत होता. ओठ फुटलेले, अंग बर्फासारखं. त्याचं नाव किसन, आंध समाजाचा, जंगलतोडीवरचा मजूर. परवा दुपारपासून तो तिथे पडला होता. दोन रात्री! त्या थंडीत!

मग काय झालं तेही ऐका, कारण स्मरणिकेत ते नाही. सोमलीनं जू सोडलं, गाडीचा दोर खोडाला बांधला आणि बैलांकडून ते इंच-इंच ओढवलं. बैलांना ती पोटच्या पोरांसारखं समजावत होती. मी पाय मोकळा केला. जाऊबाईंनी, ज्यांनी घरात कधी काही मोडलं-फाडलं नव्हतं, त्यांनी आपलं नवं लुगडं पदरापासून फाडलं आणि मला पट्ट्या दिल्या. तुतारीचे दोन तुकडे करून मी पाय बांधला. आप्पा दहा पावलांवर पाठ करून उभे होते. त्यांना रक्त बघवत नव्हतं. त्यात लाज काहीच नाही, पुष्कळांना बघवत नाही. पण मग तसं सांगावं!

किसनला गाडीत घालून आणला. आमच्या डॉक्टरांनी त्याला जीपमधून पुसदला पाठवला. पाय गेला, जीव राहिला.

त्याची बायको दवाखान्याच्या पायरीवर आली तेव्हा कळलं की ती दोन दिवसांत दोनदा ठेकेदाराच्या मुन्शीकडे गेली होती. मुन्शी म्हणाला होता, "तुहा नवरा पयून गेला. कुऱ्हाड बी घेऊन गेला आमची." त्या माणसाला शंभर पावलं आत जाऊन बघायचंही जमलं नाही.

आणि संध्याकाळी कळलं की त्याच मुन्शीनं तक्रार केली आहे. बंजारीण परवाना नसताना कुपात गाडी घेऊन शिरली, सागवान चोरायला! लाख्या नि कबऱ्या कोंडवाड्यात. सोमली कोंडवाड्याच्या दाराशी जाऊन बसली, उठेना. मी भाकरी नेली तर म्हणाली, "त्यायले वैरन नाई टाकली अजून. म्या कायले खाऊ?"

दुसऱ्या दिवशी दुपारी चावडीसमोर चौकशी झाली. जंगल खात्याचे एक साहेब खुर्चीवर, अर्धं गाव भोवती. मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं. घोंगडी, दोर, फाटा, जाळी. साहेब ऐकत होते, पण त्यांची मान आप्पांकडे वळली. पुण्याचा अधिकारी, ओव्हरकोटवाला. त्यांना विचारलं, "आपण काय पाहिलं?"

आप्पा म्हणाले, "माणूसबिणूस काही नव्हता. या बायकांच्या कल्पना आहेत. ती गाडीवाली वाट चुकली, का मुद्दाम आत नेलं ते तिचं तिला माहीत. पक्ष्यांच्या हालचालीवरून मला शंका आली, म्हणून मी गाडी थांबवायला लावली."

असं तोंडावर खोटं! सोमली मात्र आप्पांकडे नुसती बघत होती, रागानंसुद्धा नाही.

आणि बायकांच्या घोळक्यातून जाऊबाई पुढे आल्या. लग्नाला बावीस वर्षं झालेली, नवऱ्यासमोर कधी मोठ्यानं बोललेल्या नव्हत्या. पदर सारखा केला, आणि म्हणाल्या, "मी पाहिला. हिनं पाहिला. आणि ह्यांनीही पाहिला. ह्यांनी त्याला हाक मारली — 'ए बाबा, थांब' म्हणून. दोनदा. ह्या बाईला एकटीलाच तो दिसला नाही. तिला नेता आलं असतं तर तिनं डावीकडे नेलं असतं. ती कासरा ओढत होती. तिचे हात बघा."

साहेबांनी सोमलीला हात दाखवायला सांगितले. दोन्ही तळव्यांवर कासऱ्याचे लाल वळ होते, कातडी सोललेली.

साहेबांनी कागदावर काय लिहिलं माहिती आहे? 'धुक्यामुळे बैल बुजून गाडी कुपात शिरली.' घोंगडीवाल्याचं नाव नाही. मुन्शीला शब्दानं विचारलं नाही. पण बैल सुटले. आप्पा दुसऱ्याच दिवशी पुण्याला निघाले. जाऊबाई म्हणाल्या, "मी आठ दिवसांसाठी आलेय, आठ दिवसांनी येईन," आणि राहिल्या.

आता तुम्ही खुलासे द्याल, ते मी साठ वर्षं ऐकतेय. बैलांना रक्ताचा वास आला म्हणे. अहो, रक्ताच्या वासानं बैल उधळतो, चालत जाऊन उभा राहत नाही. धुक्यातला भास म्हणे. तिघांना एकच भास, त्याच खांद्यावर तोच दोर? मी किसनलाही विचारलं, पुसदला जाऊन. त्याच्या घरचं, ओळखीचं असं कुणी नव्हतं. त्यानं कुणाला बोलावलंही नव्हतं. तो फक्त बायकोला हाका मारत होता, पाण्यासाठी. मी नर्स आहे, नाडी सापडली तर सांगते, नाही सापडली तर नाही म्हणते. ही मला सापडली नाही.

सोमलीला मात्र मी एकदा विचारलंच होतं. बऱ्याच वर्षांनी, तिच्या अंगणात, उन्हात बसलो असताना. "खरं सांग सोमली, तुला तेव्हा तो दिसला होता ना? भीतीनं नाही म्हणालीस ना?"

ती माझ्यावर इतकी चिडली की काही विचारू नका.

"नर्सबाई, काय बोलता तुमी? मले दिसला असता तं म्या गाडी थांबवून त्याले वर नसता घेतला का? इतल्या थंडीत, बिनाचपलेचा मानूस... तुमाले तिघायले दिसून राह्यला होता, अन् तुमी त्याले तसाच चालू देला?"