आमचा पंधरावा

बावीस वर्षांच्या नोकरीत मी पुष्कळ साहेब पाहिले, पण साहेबी खरी शोभली ती एकाच असामीला, आणि तो काळ्या तोंडाचा वानर होता. महूच्या पुढे घाटात डोंगर फोडून रस्ता काढायचं आमचं काम चालू होतं. मी, मुकादमजी आणि बारा गडी, असे चौदा जण तंबूत राहायचो. हा पंधरावा. टोळीतून कुणी हाकललं म्हणून आला की आमच्या पोह्यांच्या वासाने, देव जाणे. आला तो हातपाय पसरून राहिलाच. नेमणुकीचं पत्र तेवढं मागितलं नाही.

खाण्यात गडी पक्का इंदुरी. सकाळी पोह्यांची परात उतरली की झाडावरून यायचा, वरची शेव ऐटीत वेचायचा आणि खालच्या पोह्यांकडे ढुंकूनही बघायचा नाही. एकदा जीरावनचा डबाच पळवला. मसाला नाकात गेला आणि असा शिंकला, असा शिंकला की फांदीवरून पडता पडता राहिला! तरी डबा सोडला नाही पठ्ठ्याने. आम्ही डबे दोरीने बांधायला लागलो, तर हा गाठी सोडायला शिकला. माझा चष्मा, मुकादमजींचा तंबाखूचा बटवा, कुणाची एकच चप्पल, सगळा माल त्याच्या खडकावर जमा. आणि मोबाईलला रेंज नेमकी त्याच खडकावर! म्हणजे घरी बोलायचं तर महाराजांच्या शेजारी बसून. मी इंदूरजवळ राऊला, घरी बायकोला फोन लावला की हा कान देऊन ऐकायचा आणि मधेच हुप्प करायचा. "अहो, कोण आहे तिथे तुमच्याजवळ?" ती विचारायची. मी म्हणायचो, "स्टाफ आहे." खोटं काय होतं त्यात?

कामाच्या शिस्तीत मात्र त्याला तोड नव्हती. सुरुंग उडवण्याआधी तीन शिट्ट्या व्हायच्या. सगळे मोठ्या खडकाच्या आडोशाला रांगेने बसायचे, मुकादमजी एकेकाच्या डोक्याला हात लावून मोजायचे आणि गिनती पूर्ण झाली की मगच मी बटण दाबायचो. पहिल्या शिट्टीलाच हा रांगेच्या टोकाला येऊन डोकं पुढे करायचा. मुकादमजी तेही मोजायचे. आधी गंमत म्हणून, मग सवयीने. महिन्याभरात असं झालं की "पूरे पंद्रह!" ऐकल्याशिवाय माझं बोट बटणावर जाईना.

आणि मोठे साहेब पाहणीला आले, नेमकी त्याच दिवशी गिनती चौदावर थांबली. मुकादमजींनी पुन्हा मोजलं. चौदाच! सुरुंगाजवळच्या बोरीवर तर नाही ना बसला हा मेला? साहेब घड्याळ बघत होते.

"आदमी तो पूरे हैं, दबाओ!"

मुकादमजींनी हात जोडले. "आदमी पूरे हैं साहब, गिनती पूरी नहीं है."

एका वानरासाठी काम थांबवलं, असं वर लिहून कळवीन, म्हणून साहेब माझ्यावर कडाडले. माझी नोकरी डोळ्यांपुढून गेली. पण खरं सांगतो, बोट हलेचना. मी बटणाच्या यंत्राची किल्ली काढून खिशात घातली. गडी हाका मारायला लागले, "ओ भिया! आ जा यार!"

तेवढ्यात वळणामागून मोटारीचा भोंगा वाजला. धावत जाऊन बघतो तर महाराज साहेबांच्या जीपमध्ये, साहेबांच्याच सीटवर, मांडीवर साहेबांच्या शेवेचं पाकीट! एक हात भोंग्यावर. साहेबांनी डोळे वटारले, मग त्यांनाच हसू आवरेना. "इसको भी गिनो भई," ते म्हणाले. त्या दिवशी पंधरा पूर्ण झाल्यावरच सुरुंग उडाला.

दिवाळीनंतर काम संपलं. तंबू उतरले, सगळे ट्रकमध्ये चढलो. तो आपल्या खडकावर पाठ करून बसला होता. शिट्टी वाजवली असती तर धावत आला असता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच मुकादमजींनी शिट्टी खिशातून काढली नाही. जंगलचा जीव जंगलात बरा. मुकादमजींनी सवयीने डोकी मोजली. चौदाव्यावर हात थांबला. ड्रायव्हरने विचारलं, "चलें भिया?"

मी रस्त्याकडे तोंड फिरवून म्हणालो, "चलो, पूरे हैं."

सगळ्या नोकरीत मी खोटी गिनती सांगितली ती तेवढीच.