सासूबाईंच्या मापाने

परवा मी नापास झाले. वय सेहेचाळीस, ठिकाण दादर, विषय ॲक्युपंक्चर, आणि गटांगळी खाल्ली ती प्रॅक्टिकलमध्ये. थिअरीत चांगले मार्क होते हो... त्यांचं आता काय लोणचं घालू?

"सुया तर टोचायच्या, त्यात शिकायचंय काय?" असं मला माझ्या सख्ख्या भावाने ऐकवलंय. अरे बाबा, आता त्याला कायदा आहे, कौन्सिल आहे. मान्यता असलेला कोर्स, ॲनाटॉमी, सुयांची स्वच्छता, मग रजिस्टर्ड माणसाच्या हाताखाली क्लिनिकचे तास, मग थिअरी, मग प्रॅक्टिकल... एवढं पार पडलं की रजिस्ट्रेशन. ते नसेल तर स्वतःच्या नावावर एक सुईसुद्धा लावता येत नाही.

मी दादरच्या एका ॲक्युपंक्चर क्लिनिकमध्ये चौदा वर्षं रिसेप्शनला आहे. आमच्या मॅडमचे हात आता थरथरतात. दोन वर्षांपूर्वी त्या म्हणाल्या, "तू शीक गं. पास झालीस की हे क्लिनिक तूच चालव, बाहेरच्या कुणाला द्यायची माझी इच्छा नाही."

मग काय... कॉलेज सोडून इतकी वर्षं झालेली बाई पुन्हा हाडांची नावं पाठ करायला बसली. क्लिनिकमध्ये मॅडम जागा दाखवायच्या आणि मी सुई लावायची. पण परीक्षेत जागा आपली आपण शोधायची असते, आणि त्याचा सराव करायला कुणाचं तरी अंग लागतं. नवऱ्याला पायाला हात लावला की गुदगुल्या होतात, तो पळूनच जायचा.

उरल्या सासूबाई. आमचं कधी पटलं नाही, हे करी रोडच्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे. भीतभीतच विचारलं, की सुया नाही, नुसत्या पेनाने खुणा करीन. तर म्हणतात कशा, "आदी चाय दी, मगे काय करूचा ता कर."

दोन वर्षं रोज दुपारी त्या कॉटवर आडव्या व्हायच्या आणि मी त्यांच्या हातापायांवर ठिपके काढायचे. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, अंगावर काय उठलंय? सासूबाई म्हणाल्या, "सून डाक्टर होता हा!" मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. मला तोंडावर मात्र कधी एका शब्दाने म्हणाल्या नाहीत.

आता इथे एक गोष्ट समजून घ्या. ॲक्युपंक्चरमध्ये माप फुटपट्टीने घेत नाहीत, पेशंटच्या स्वतःच्या बोटांनी घेतात. गुडघ्याच्या वाटीखाली चार बोटं म्हणजे पेशंटची चार बोटं, आपली नव्हेत. माझे हात आहेत लहान आणि सासूबाई रुंद हाडाच्या, पंजा हा एवढा! त्यामुळे माझी चार बोटं आणि वर एक बोट, तेव्हा कुठे त्यांचं माप व्हायचं.

सुरुवातीला मी रोज त्यांच्या हाताला हात लावून ताडून बघायचे. मग गरज वाटेना. बोटं आपोआप जायची, चार अधिक एक... डोळे मिटून सांगितलं असतं तरी जमलं असतं. मला वाटायचं, हात बसला आपला.

पौषात सासूबाई गेल्या. संध्याकाळी छातीत दुखलं आणि हॉस्पिटलला पोचायच्या आत सगळं संपलं. दिवसकार्य उरकलं आणि तीन आठवड्यांवर माझी परीक्षा होती.

परीक्षेला समोर एक मुलगी झोपवलेली. बारीक चणीची, हातातली बांगडी सहज गळून पडेल अशी. परीक्षकांनी पायावरच्या तीन जागा काढायला सांगितल्या. मी झटपट काढल्या, अगदी आत्मविश्वासाने, काय सांगू तुम्हाला... मला तर वाटलं आता शाबासकी मिळणार.

परीक्षकांनी त्या मुलीचा हात उचलून तिच्याच पायावर ठेवला. तिन्ही ठिपके चुकलेले, आणि तिन्ही सारखेच, एकेक बोट जास्त. म्हणाले, "ताई, पहिल्याच लेक्चरची गोष्ट आहे ही. कुणाचं माप घेताय तुम्ही?"

तोंडात आलं होतं, सासूबाईंचं. पण तिथे ते कसं सांगणार? संध्याकाळी निकाल लागला.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पुढची परीक्षा कधी होईल देव जाणे, आणि माझ्याच्याने आता होत नाही गं." एक तारखेपासून क्लिनिक दुसरे डॉक्टर घेणार आहेत. मला रिसेप्शनला ठेवतील म्हणे. मी हो म्हटलं, दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून डोकं जागेवर नाही. "पुन्हा बस परीक्षेला" असं सगळे सांगतायत, कमेंटमध्येही सांगाल. प्लीज नका सांगू... आत्ता नाही.

दोन वर्षं एक बाई, जिच्याशी माझं धड बोलणंही नव्हतं, रोज दुपारची झोप मोडून माझ्यासमोर पाय पसरून पडून राहिली. मी तिला एकदाही थँक्यू म्हटलं नाही, चहा दिला की फिटलं असं वाटायचं. आज म्हणतेय, आई, तुमचे उपकार आहेत हो माझ्यावर.

नापास झाल्याचं दुःख आहेच, खोटं कशाला बोलू? पण या हातांना सगळ्या जगात एकच शरीर नीट कळलं होतं. आणि ते आम्ही पौषात जाळून आलो.