आक्काबाईचं नाक आणि गच्चीवरचं पिंप

आमच्या कॉलनीत आक्काबाईच्या नाकाला जेवढा मान आहे, तेवढा नगरसेवकालाही नाही. मासळीबाजारात ती लांबून दिसली की विकणाऱ्या बायका शिळा माल टोपलीच्या तळाशी सारतात. आपण भिंतीवरून विचारावं, "आक्का, आज आमच्याकडं काय शिजलंय?" तर पलीकडून उत्तर येणार, "कालचंच गरम केलंय. ओरडून सांगू का?"

असलं हे नाक. त्यानंच तिचा घात केला.

तिचा आयुष पुण्याला एका थाई हॉटेलात आचारी होता. त्यानं गेल्या वर्षी फोनवरून आईला फिश सॉस शिकवला. तारली मासळी आणि मीठ पिंपात भरायचं, झाकण लावायचं आणि वर्षभर उन्हात ठेवायचं. "फक्त मासळी बर्फातून काढलीस की लगेच मीठ लाव," असं त्यानं बजावलं होतं. पिंप गच्चीवर चढलं आणि अख्ख्या गल्लीत उदबत्तीचा खप वाढला. एवढ्यात पुण्याचं हॉटेल बंद पडलं. आयुष घरी आला, अंबडच्या एका कारखान्यात कंत्राटावर पॉलिशिंगच्या खात्यात लागला आणि तिथल्या धुळीनं काळं खोकू लागला. गंगापूर रोडच्या एका हॉटेलवाल्यानं सॉसचा नमुना मागितला होता. माल पसंत पडला तर आयुष अंबडमधून सुटणार होता. त्या घराचा सगळा जीव पिंपात होता.

रविवारी दुपारी सून स्नेहानं पिंपातलं ते तांबूस पाणी भातावर घेतलं. ताट उचलेपर्यंत तिचं तोंड लालबुंद झालं, अंगाला खाज सुटली, छाती धडधडू लागली. मी जिन्यात म्हटलं, "सासू काही लागट बोलली असेल." कुणी हसलं नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "मावशी, मासळी बर्फाबाहेर राहिली होती का? अशा मासळीत हिस्टामाईन नावाचं विष तयार होतं. त्याला वास नसतो. मग मीठ लावा, उकळा, वर्षभर मुरवा, ते जात नाही."

"नाही हो. ताजी होती," आक्काबाई म्हणाली.

घरी येऊन तिनं पातेलंभर सॉस चुलीवर चढवला आणि खळाखळा उकळला. पुन्हा उकळला. धुरानं डोळे गळत होते, तरी ढवळत होती. आयुष म्हणाला, "आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना?"

"डॉक्टरला मासळीतलं काय कळतंय?" म्हणत ती वाटीभर सॉस गटागटा प्यायली आणि पदर सावरून उंबऱ्यावर बसली. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो. आधी कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग गळा. मग ती दंड खाजवू लागली.

"बर्फाबाहेर होती रे," ती म्हणाली. "टेम्पो कसारा घाटात अडकला होता. माल आला तो वैशाखी पौर्णिमेच्या सकाळी. मी अष्टशीलाचं व्रत घेतलेलं, अंगावर पांढरी साडी. त्या दिवशी मासळीला हात कसा लावू? मोरीत ठेवली, ओलं पोतं टाकलं आणि विहारात गेले. दुसऱ्या दिवशी बर्फाचं पाणी झालं होतं. पण वास घेतला, तर चांगली होती. आयुष, खरंच चांगली होती."

"बर्फाची गाडी कोपऱ्यावर उभी असते, आई. मला फोन करायचास. शेजाऱ्याला सांगायचंस."

शेजारी म्हणजे मी. मी आपला चपलेकडं बघत राहिलो.

डॉक्टरांचं इंजेक्शन तिलाही बसलं. दुसऱ्या दिवशी आयुषनं मोकळ्या प्लॉटवर खड्डा खणला आणि वर्षभराचं ऊन त्यात ओतलं. हॉटेलवाल्याचा फोन वाजत होता. त्यानं उचलला नाही. माती सारली, हात धुतले, डबा घेतला आणि दुपारच्या पाळीला अंबडला गेला.

आक्काबाई रिकाम्या पिंपात डोकं घालून कितीतरी वेळ वास घेत होती. शेवटी मीच म्हटलं, "आक्का, काय येतोय?"

"चांगलाच येतोय," ती आतूनच म्हणाली. "अजूनही चांगलाच येतोय."