पाणचिऱ्यांचं बेट झाडलं त्याची गोष्ट

गेवराईच्या वरच्या अंगाला, गोदेच्या काठावर शहादेव नावाचा एक गडी राहत होता, आणि गावाच्या मते तो जित्तेपणीच वाया गेला होता. रान बरं होतं, बैल बरे होते, बायको केशरबाई दोन माणसांचं काम एकटी ओढत होती. पण हा गडी सकाळी भाकर बांधून घ्यायचा, भोपळ्याची सांगड छातीखाली धरून धार ओलांडायचा आणि नदीच्या मधल्या वाळूच्या बेटावर जाऊन पालथा पडायचा. कशाला? तर पाखरं बघायला. धरायला नाही, भाजून खायला नाही, नुसती बघायला! माणूस दारूपायी बिघडतो, बाईपायी बिघडतो, हे गावाला कळत होतं. बगळ्या-टिटव्यांपायी बिघडलेला हा पहिलाच.

बरं, बघून गप्प बसावं! पण संध्याकाळी पारावर येऊन हा सांगायचा, की उन्हाळ्यात तिथं एक पाखरू येतं. पाठ काळी, पोट पांढरं, चोच शेंदरी, आणि खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब. ती खालची चोच पाण्याला लावून ते नदी चिरत उडत जातं, म्हणून हा त्याला पाणचिरा म्हणायचा.

"खालची चोच लांब?" रामहरी न्हावी विचारायचा. "मग खातंय कसं बे? का त्याचीबी बायको भरविती, तुझ्यागत?"

पार हसायचा. चला दाखवतो म्हटलं, की ज्याला त्याला काम निघायचं. हसायला मात्र सगळ्यांकडं सवड होती. येडा म्हटलेलं शहादेव सोसायचा, पण खोटारडा म्हटलं की त्याच्या काळजाला घरं पडायची. कुणीतरी शहाण्या माणसानं पाणचिरा बघावा आणि चार लोकांत "शहादेव खरं बोलतो" एवढं म्हणावं, बस. लोक नारायणगडावर पोरासाठी नवस बोलतात, हा साक्षीदारासाठी बोलून आला होता.

नवस पावला, तो असा. चैत्रात हैदराबादचे एक बडे साहेब दौऱ्यावर गेवराईला आले. त्यांची करमणूक म्हणून सुंदरराव पाटलांनी त्यांना येड्या शहादेवाचा किस्सा ऐकवला. साहेब हसले नाहीत. ते गळ्यात दुर्बीण घालून फिरणारे निघाले! खालच्या चोचीचं ऐकून ते खुर्चीतून उठलेच, म्हणाले, सोमवारी बेटावर येतो.

पाटलांची धांदल उडाली. सरकारस्वारी, आणि उघड्या वाळूत उभी राहणार? त्यांनी दवंडी पिटली आणि घरटी एक माणूस वेठीला धरला.

आणि शहादेव? शहादेव फुगला. कालपर्यंत टवाळी करणारा रामहरी आता त्याची दाढी फुकट करू लागला. पाटलांनी स्वतःच्या हातानं त्याला फेटा बांधला. अंगरखा शिवायला तो गेवराईला गेला, परत येऊन पारावर बसला, आणि तेच पाखरू रोज नव्यानं सांगू लागला. बारा महिने बेटावर लोळणारा गडी नेमका त्याच आठवड्यात तिकडं फिरकला नाही.

"अवो, बेटावर कावून जाईनात तुमी?" केशरबाईनं विचारलं. "रोज तर मेले पाय घरात ऱ्हात नव्हते."

"पाखरं काय पळून चाललीत का?" फेटा सारखा करत तो म्हणाला.

सोमवारी साहेबांची नाव बेटाला लागली. शहादेवानं नावेतूनच बेटाकडं बघितलं. वाळूवर मांडव, मांडवाला आंब्याचं तोरण. सगळं बेट खराट्यानं झाडून वर शेणसडा टाकलेला, सड्यावर रांगोळी. नाव टेकताच हलगी कडाडली, सनई ओरडली. उरलीसुरली टिटवीसुद्धा पलीकडच्या काठाला निघून गेली.

साहेबांनी दुर्बीण चहूकडं फिरवली. "परिंदा किधर है?"

"दाव की बे," पाटलांनी शहादेवाला कोपर मारलं.

शहादेव आभाळाकडं बघत नव्हता. तो वाळूकडं बघत होता. पाणचिरा घरटं बांधत नाही. वाळूत पोटानं खळगा करतो आणि उघड्यावरच अंडी घालतो. हे त्यानं पारावर कधी सांगितलंच नव्हतं. चोचीपुढं कुणी त्याला जाऊच दिलं नव्हतं.

"सरस्वतीकाकू, केर कुठं टाकला?" त्यानं खराटा घेऊन उभ्या असलेल्या म्हातारीला विचारलं.

"त्या कडंला. लई खडे होते बाबा, ठिपक्याठिपक्यांचे. येचून येचून कंबरडं मोडलं आमचं."

तो धावला. केराच्या ढिगात त्यानं कोपरापर्यंत हात घातले. ठिपक्यांची अंडी होती, फुटलेली, शेणात बरबटलेली. दोन शाबूत निघाली. साहेबांनी ती तळहातावर घेतली, भिंगातून न्याहाळली आणि सगळ्या गावादेखत म्हणाले, "ये आदमी सच बोल रहा था."

ज्या शब्दांसाठी जन्म काढला, ते शब्द कानावर पडले आणि शहादेव ढसाढसा रडला. गावाला वाटलं, आनंदानं. हलगीवाल्यानं आणखी एक ठोका दिला. शहादेवानं फेटा काढून पाटलांच्या पायाशी आपटला, तर लोक म्हणाले, बघा, किती मानतो पाटलांना!

साहेबांनी दोन्ही अंडी कापसात गुंडाळून घेतली, मांडवात बसून पुरणपोळी खाल्ली, आणि बंदोबस्त उत्तम असल्याचं सांगितलं. पाटील हात जोडून म्हणाले, "हुजूर, पुढल्या साली याहून साफ करू."

पुढल्या साली शहादेव शिमग्यापासूनच बेटावर जाऊन बसला. त्याच्या पुढल्या सालीही. म्हातारा झाला तरी सांगड घेऊन जायचा. संध्याकाळी परतला की पारावरचे लोक आता अदबीनं जागा द्यायचे, तंबाखू पुढं करायचे, विचारायचे, "शहादेवबाबा, आले का वो पाणचिरे?"

"न्हाई."

आणि त्याच्या बोलण्यावर आता कुणी शंका घेत नव्हतं.