हातात विळा घेऊन चालणं

माझ्या धाकट्या जावेचा मला ती घरात आल्यापासून हेवा वाटायचा. तिच्या रंगाचा नाही, लांब केसांचाही नाही. तिला दर महिन्याला न चुकता कावळा शिवायचा, त्याचा.

राजुरीतलं आमचं घर शेतकऱ्याचं. दोन हजार साल उलटून गेलं तरी पाळी आलेल्या बाईनं बाजूला बसायचं ही रीत पक्की होती. जाऊ पडवीत गोणपाट टाकून बसायची. ना चूल, ना धुणं, ना गोठा. तिच्या वाटचं सगळं माझ्या अंगावर. मी चहाचा कप लांबून जमिनीवर सरकवायची आणि म्हणायची, "तुझं बरंय बाई." ती हसायची. तिला वाटायचं, मी कामावरून बोलते. कामाचा राग होताच, नाही कशाला म्हणू? पण खरं दुखणं निराळं होतं. लग्नाला इतकी वर्षं होऊन मला मूल नव्हतं आणि माझी पाळी महिनेच्या महिने यायची नाही. ती लांबली की आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, हरखून जायच्या, मला जड उचलू द्यायच्या नाहीत. मग कधीतरी ती यायची आणि घराला सुतक लागायचं.

शेवटी नारायणगावला एका डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सोनोग्राफी केली. म्हणाल्या, बीजकोशांवर बारीक गाठी दिसतात, ह्याला पीसीओडी म्हणतात. "गोळ्यांनी पाळी येईल, पण आपोआप यायला लागली तर मुलाची आशा जास्त. वजन उतरवा. रोज चाला, दम लागेपर्यंत."

"दिवसभर राबतेच की मी."

"राबणं वेगळं, भराभर चालणं वेगळं."

त्यांना सांगायला काय जातंय! आमच्याकडे बाईमाणूस नुसतं चालत नाही, कुठंतरी जातं. पहिल्याच दिवशी बेल्ह्याच्या रस्त्याला लागले, तर नेमका बैलबाजार. एक मोटरसायकल थांबली, "वैनी, बसा, सोडतो." तिला कशीबशी लावून दिली, तर मागून बैल भरलेला टेम्पो थांबला. "पायी का वो? घरात भांडान झालं काय?" मी नाही नाही म्हणत पाय उचलला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं, थोरली सून रुसून माहेरी निघाली होती.

मग आत्यांनीच तोड काढली. "हातात इळा घे न् डोक्यावर पाटी. गवताला निघाली म्हंत्याल. आन् एकटी नगं, धाकटीला संगं ने."

म्हणजे जिच्यावर मी जळायची, तीच रोज सोबतीला. ती तळेघरकडची, जिथं एस्टीची वाट बघण्यापेक्षा माणूस चालत लवकर पोचतं. डोंगर चढत-उतरत वाढलेली. ओढ्यापलीकडच्या चढाला माझा भाता चालायचा, ब्लाउज पाठीला चिकटायचा, आणि ती झिजलेल्या स्लिपरांत पुढं जाऊन बांधावर बोरं खात बसायची. "चालायला डॉक्टर लागतो व्हय, जाऊबाई?" वर हेही. तिचा पाय मुरगळावा असं मला रोज वाटायचं. मुरगळला नाही.

पण साडीच्या निऱ्या जास्त पडू लागल्या. चढावर बोलताही येऊ लागलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या बंद केल्या आणि आता आपोआप येते का, वाट बघा म्हणाल्या. वाट बघायची आम्हाला सवयच होती.

असंच एकदा चढ चढताना मागं बघते तर जाऊ दिसेना. जन्मात पहिल्यांदा मी तिच्या पुढं गेले होते. मला काय आनंद झाला! परत फिरले, तर ती बांधाला धरून ओकत होती. ह्या महिन्यात ती पडवीत बसली नव्हती, हे मला तेव्हा आठवलं. तिला कळायच्या आधी मला कळलं. मी तिची पाठ चोळली, जरा जोरातच.

घरी तिचे पाय जमिनीला लागू देईनात. चालणं बंद, गवताची पाटी बंद. मी एकटी जाऊ लागले. डोक्यात नुसता राग असायचा, आणि रागात बाई काय चालते, ते ज्याला बघायचं त्यानं तेव्हा चढावर येऊन बघायचं होतं. मोटरसायकलवाले थांबेनासे झाले.

आणि मग एका सकाळी, गोळी नाही, काही नाही, मला आपोआप पाळी आली. न्हाणीत मी तोंडावर पदर दाबून हसले. बाहेर येऊन आत्यांना म्हणाले, "मला कावळा शिवला."

त्यांच्या हातातलं सूप खाली आलं. "मला वाटलं व्हतं, दोगींचं संगंच हाय," त्या म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसत आत गेल्या. आमचे हे चपला घालून शेताकडं गेले. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं मी दोघांनाही सांगितलं होतं. कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

मी गोणपाट टाकून पडवीत बसले. थोड्या वेळानं जाऊ आली, एक हात कमरेवर. तिनं चहाचा कप लांबून जमिनीवर सरकवला. चेहरा ओढलेला होता, रात्रभर ओकली होती बिचारी.

"तुमचं बरंय, जाऊबाई," ती म्हणाली.

मी तिच्या पोटाकडं बघत कप ओढून घेतला.