पुस्तकातली भिंत अन् आपली नदी

वाचनालयातून लेकरांले असे पुस्तकं कोन देते? मंडळातल्या बायांनो, फळ्यावरचा हा कागद वाचा.

आज पोळा. मी पुरण वाटून राहिली होती, नात सुमन मोठ्यानं वाचून राहिली होती. एक पोरगी जादूनं जुन्या रोमच्या सीमेवरच्या भिंतीपाशी पोचते अन् पलीकडच्या, दुश्मनाच्या पोरीले दार उघडून देते.

मी म्हटलं, "दुश्मनाले आत घेतलं? झोडा तिले!"

सुमन म्हणे, "आजी, तू बी नदीपलीकडची, सावरगावची. तुले कोनं आत घेतलं?"

उद्या गोटमार, पांढुर्णा अन् सावरगावची नदीवरची दरसालची दगडफेक. या काठावरून माझा पोरगा गोटे मारन, त्या काठावरून माझा भाऊ. पोरगा म्हणे, "मामालेच हेरून मारीन."

माझा दुश्मन कोन, मले समजून नाही राहिलं.

सावरगावचं माहेर अन् पांढुर्ण्याचं सासर असलेल्या बायांनीच उत्तर द्यावं. माणसांनी मधात बोलू नये.