अण्णांची पितळी टोपणं

मंडळी, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून इथे लिहितेय.

सकाळी रोहनसोबत, म्हणजे माझ्या लेकासोबत, कात्रपला टायरवाल्याकडे गेले होते. नोकरी सांभाळून तो रेस ट्रॅकवर गाडी चालवतो. निघताना माझ्या वडिलांनी, अण्णांनी, त्याच्या हातात चार पितळी टोपणं ठेवली. "टायरच्या व्हॉल्ववर बसव. तुझ्या मामाच्या गाडीची आहेत."

नव्वदच्या दशकात अण्णा अंबरनाथच्या कारखान्यात टर्नर होते. माझ्या भावाच्या, विलासदादाच्या, पहिल्या रेससाठी त्यांनी ती स्वतः लेथवर बनवली. त्याच रेसमध्ये भर वेगात पुढच्या टायरची हवा गेली, आणि दादा गेला. हवा का गेली, ते कुणालाच कळलं नाही. मोडक्या गाडीची टोपणं अण्णांनी काढून आणली. "एकही निसटलं नाही बघ," असं ते अजून सांगतात.

दुकानात रोहनने मेटलचे आखूड व्हॉल्व घेतले. मी म्हटलं, "रबरी स्वस्त आहेत की!"

"आई, रोजच्या रस्त्याला ते ठीक. ट्रॅकच्या स्पीडला रबर बाहेर वाकतं, हवा सुटते. त्यावर आजोबांची टोपणं लावली तर संपलंच! केवढी जड आहेत."

तो हसत होता. दादाच्या त्या रेसआधी अण्णा टोपणं बसवत होते तेव्हा मी बाजूलाच उभी होते. दादाच्या गाडीचे व्हॉल्व रबरीच होते.

घरी येताच अण्णांनी विचारलं, "बसली का गं नीट?"

"बसली," म्हटलं. टोपणं माझ्या पर्समध्ये आहेत.

आत्ता ते काठी घेऊन दारात उभे आहेत. गाडी बघायला खाली ने म्हणतायत.

मी काय सांगू?